बंदी नाही, पण वेळ कुठे आहे?

गेल्या अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपाशी महाविद्यालयातील एक जुनी मैत्रीण भेटली. कडेवर दोन वर्षांची मुलगी, हाताशी सात वर्षांचा मुलगा, खांद्याला पाण्याच्या बाटल्यांनी फुगलेली पिशवी. त्या गर्दीत ती एका हाताने कवितासंग्रह चाळत होती. दोन पाने वाचून झाली असतील नसतील, मुलाने हात ओढला आणि तिने पुस्तक जागेवर ठेवून दिले. मीच हाक मारली.

पंधरा वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात हिची कविता सुरू झाली की मागच्या बाकावरची पोरेही गप्प बसत. वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात तिला आवर्जून बोलावले जाई. आता ती एका खाजगी दवाखान्यात परिचारिका आहे. मी विचारले, "लिहून राहिली का नाही आता?"

"लिहितो ना, डोक्यात," ती हसून म्हणाली. "भांडे घासता घासता ओळी येतात. हात पुसेपर्यंत चालल्या जातात."

"आणि जुन्या वह्या?"

"असतील माळ्यावर. घर बदललं तेव्हा बांधून ठेवल्या, त्या अजून सोडल्याच नाही."

बाजूला तिचा नवरा उभा होता. तो चळवळीतला प्रामाणिक कार्यकर्ता आहे. वस्तीत अभ्यासिका चालवतो, मोर्चाला पुढे असतो, पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज स्वतः भरून देतो. तो म्हणाला, "आमच्याकडे काही बंदी नाही बरं ताई. मी तर म्हणतो तिला, लिही."

त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. त्याने बंदी घातलेली नाही, पेन हिसकावलेला नाही, कागद फाडलेला नाही. तरी वह्या माळ्यावर आहेत. घरी परत येताना बसमध्ये हाच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. बंदी नसणे म्हणजे मोकळीक असणे काय? आमच्या आया-आज्यांच्या पिढीला लिहायला बंदी होती. आमच्या पिढीची बंदी उठली. पण लिहायला, गायला, चित्र काढायला जो वेळ लागतो तो कोणी दिला? या प्रश्नाचा विचार चळवळीच्या व्यासपीठावर फारसा होत नाही. तो झाला पाहिजे म्हणून आजचा हा लेख.

लपवलेल्या वह्या

दिवंगत बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. १९८६ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. त्यापूर्वी ते 'स्त्री' मासिकातून छापून आले होते. पण त्या आधीची सुमारे वीस वर्षे ते लिखाण कोणाला ठाऊकच नव्हते. फलटणला वस्तीत त्यांचे छोटेसे किराणा दुकान होते. पुड्या बांधायला जी रद्दी येई ती त्या वाचत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसून लिहीत. लिहिलेले कागद नवऱ्याच्या आणि मुलाच्या नजरेला पडू नयेत म्हणून घरात कोणाचा हात सहसा पोहोचणार नाही अशा ठिकाणी दडवून ठेवत. दहा बाळंतपणे, त्यातली तीन मुले गेलेली, दुकान, घर, चळवळीचे काम हे सगळे सांभाळून त्यांनी एका अख्ख्या समाजाचे जगणे लिहून काढले. फलटणला स्थायिक झालेल्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी ते लिखाण वाचून प्रकाशनाचा आग्रह धरला नसता, तर ते कागद तिथेच राहिले असते.

शांताबाई कांबळे यांची गोष्ट वेगळी, पण तिचे मूळ तेच. त्या शिक्षिका होत्या. नोकरी, संसार, मुलांचे शिक्षण यात हयात गेली. 'माज्या जल्माची चित्तरकथा' त्यांनी लिहायला घेतली ती निवृत्तीनंतर. तेही पुस्तक १९८६ चेच. २०२३ मध्ये शंभरीच्या उंबरठ्यावर असताना त्या गेल्या.

आपण या दोघींचा अभिमानाने गौरव करतो आणि तो केलाच पाहिजे. "एवढ्या हालातही त्यांनी लिहिले" असे भाषणात सांगितले की टाळ्या पडतात. पण टाळ्या वाजवताना एक हिशेब आपण करत नाही. बेबीताईंना वीस वर्षे लपवावे लागले, शांताबाईंना निवृत्तीपर्यंत थांबावे लागले. मग ज्यांचे कागद कोणाला सापडलेच नाहीत, किंवा ज्या निवृत्तीचे वय येण्याआधीच गेल्या, त्या किती? त्यांची पुस्तके आपल्या कपाटात नाहीत, म्हणून त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते असे आपण समजून चालतो. हालात लिहिणाऱ्यांचा गौरव करताना ते हाल कायम राहू देणे हा त्यांचा गौरव नव्हे.

जाते गेले, वेळ कुठे गेला?

वेळ नव्हता म्हणून आपल्या आया-आज्यांनी काही निर्माण केले नाही, असेही नाही. पहाटे चारला उठून जात्यावर बसायचे, मांडीवर पोर, समोर दुसरी बाई, आणि तोंडाने ओवी. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी कार्यकर्त्यांच्या मदतीने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. ज्या बायांना पाटी-पेन्सिल मिळाली नाही त्यांनी बाबासाहेबांचे शिक्षण, त्यांची मोटार, त्यांचा कोट, रमाईचे दुःख हे सारे जात्यावर बसून रचले. ते त्यांचे साहित्य होते आणि चळवळीचे वर्तमानपत्रही.

माझ्या सासूबाई आजही तांदूळ निवडताना गुणगुणतात. एकदा मी विचारले, "आई, पूर्ण ओवी सांगा ना." त्या म्हणाल्या, "आता कुठं आठवते बाई. चक्की आली, जातं गेलं. हात फिरला तर गाणं येते."

सासूबाईंच्या या वाक्यात फार मोठा अर्थ आहे. पिठाची गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पुन्हा जाते ओढायला कोणी सांगत असेल तर तो बाईचा वैरी समजावा. परंतु त्या कष्टासोबत गाण्याची हक्काची जागाही गेली. आणि जो तास-दीड तास वाचला तो बाईच्या पदरात पडला नाही. तो मुलांच्या शिकवणीत, डब्यात, गॅसच्या नंबरात, नोकरीला जायच्या बसमध्ये गेला. जाते गेले, चूल गेली, काहींच्या घरी कपडे धुण्याचे यंत्र आले. बाईचा मोकळा वेळ मात्र आला नाही.

या ठिकाणी बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९४५ साली लिहिलेल्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात त्यांनी यंत्राला विरोध करणाऱ्या विचाराची चिरफाड केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, पोटासाठी जो रात्रंदिवस राबतो तो पशूच्या पातळीवर जगतो. माणूस म्हणून जगायचे, मनाचा विकास करायचा तर फुरसत पाहिजे, आणि सर्वांना फुरसत द्यायची तर यंत्र पाहिजे. फुरसत ही मूठभरांची मिरासदारी राहता कामा नये. ज्या समाजाला हजारो वर्षे दुसऱ्यांची कामे करण्यातच जुंपून ठेवले, त्या समाजाच्या नेत्याने फुरसतीचा प्रश्न हा संस्कृतीचा प्रश्न म्हणून मांडला, हे लक्षात घेतले पाहिजे.

आणि ते नुसते लिहून थांबले नाहीत. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा आणि लाभ देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कारखाना कायद्यात दुरुस्तीचे विधेयक त्यांनीच मांडले आणि १९४६ साली कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आठवड्याला सहा तास! हे सहा तास म्हणजे नुसती विश्रांती नव्हे. वाचायला, सभेला जायला, भजनी मंडळात, जलशात बसायला मिळालेला तो वेळ होता.

कारखान्यातल्या ४८ तासांची मर्यादा कायद्याने घातली. घरातल्या कामाची मर्यादा कोणी घातली?

पाच वर्षांत एक मिनिट

हे केवळ मनाचे म्हणणे नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात असे आढळले की घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्या कामात रोज सरासरी २९९ मिनिटे जातात आणि असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे. म्हणजे अंतर २०२ मिनिटांचे. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. तेव्हा बाईची २८९ आणि पुरुषाची ८८ मिनिटे भरली. अंतर २०१ मिनिटे. पाच वर्षांत एक मिनिट कमी झाले!

शिवाय हे आकडे घरकामाला हात लावणाऱ्यांचे आहेत. २०१९ च्या पाहणीत शंभरातल्या ८१ बाया असे काम करत होत्या आणि पुरुष फक्त २६. उरलेल्या ७४ पुरुषांची मिनिटे शून्य. मुलांची, आजारी माणसांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी मोजली आहे.

२०१ मिनिटे म्हणजे तीन तास एकवीस मिनिटे. एवढ्या वेळात एक कविता लिहून होते, एका नाटकाची तालीम होते, एका कथेची चार पाने होतात. सगळे नको, त्यातला अर्धा तास जरी रोज मिळाला तरी वर्षात पुस्तक उभे राहते. तेव्हा 'आपल्या बाया लिहीत का नाहीत' असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी आधी हे तीन तास एकवीस मिनिटे कुठे जातात ते पाहावे.

येथे बापाच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. आपल्या समाजातला आजचा तरुण बाप सुखात लोळत नाही. कंत्राटावर बारा तासांची ड्युटी करणारा सुरक्षारक्षक, रात्री उशिरापर्यंत ऑटो चालवणारा, दुपारी पार्सल पोहोचवून संध्याकाळी दुसरे काम करणारा, हे सगळे आपलेच भाऊ आहेत. त्यांच्यातही गाणे आहे, ढोलकी आहे, रंगाचा ब्रश आहे. माझ्या ओळखीचा एक ऑटोवाला सवारीची वाट पाहत असताना भाड्याच्या वहीत मागच्या पानावर गीते लिहितो. त्याची फुरसत व्यवस्थेने हिरावली आहे आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण ज्याची फुरसत मालक खातो त्याने घरी येऊन बायकोची फुरसत खाऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

वेळ कोणीतरी कोणाला तरी देत असतो

हल्ली वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत 'वेळेचे नियोजन' या विषयावर भरपूर छापून येते. पहाटे लवकर उठा, यादी करा, मोबाईल दूर ठेवा, वगैरे. त्यातले काही उपयोगाचे असेलही. परंतु दोन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या घराला ते लागू पडत नाही. तिथे वेळ आपोआप सापडत नसतो. कोणीतरी आपला वेळ, आपली झोप, आपली मेहनत देते तेव्हाच दुसऱ्याला वेळ मिळतो.

परळच्या चाळीतली ती एक खोली आठवा. सामानसुमान, चूल, माणसे सगळे त्याच खोलीत. भीमराव लवकर झोपत. रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि नंतर स्वतः अंग टेकत. आपण ही गोष्ट मुलांना बाबासाहेबांच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतो. पण ती एका बापाचीही गोष्ट आहे. आपल्या झोपेतले तास काढून त्याने मुलाच्या हवाली केले.

पुढे बाबासाहेब परदेशात शिकत असताना, आणि नंतर चळवळीत अहोरात्र असताना, घर कोणी धरले? रमाईने. चार लेकरे मातीआड गेली तरी तिने बाबासाहेबांच्या अभ्यासाचा तास मोडू दिला नाही. बाबासाहेबांना या ऋणाची जाणीव होती. १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथाची अर्पणपत्रिका त्यांनी रामूच्या स्मृतीला वाहिली. तिचा चांगुलपणा, तिच्या मनाचा मोठेपणा आणि तिने आपल्याबरोबर सोसलेले दिवस यांचा त्यात त्यांनी उल्लेख केला.

परंतु रमाईच्या त्यागाचे आपण काय केले? तिच्या त्यागाची गाणी गायली आणि प्रत्येक सुनेने रमाईसारखे व्हावे असा उपदेश केला. बाबासाहेबांनी स्वतः काय सांगितले? २० जुलै १९४२ ला याच नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बाया जमल्या होत्या. तिथे बाबासाहेबांनी सांगितले की लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. मैत्रीत एकाने कायम लिहायचे आणि दुसऱ्याने कायम भांडी घासायची असे नसते. रामजींनी भीमाला वेळ दिला, रमाईने बाबासाहेबांना वेळ दिला. आता आमच्या पिढीत आईला वेळ कोण देणार, हा प्रश्न आहे.

आमच्या घरातला हिशेब

दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी आपल्या घरचे सांगावे. मी शाळेत शिक्षिका आहे. दोन मुले, थोरली दहाची, धाकटा सहाचा. शाळा, त्यात मतदार याद्यांचे काम, सर्वेक्षणे, प्रशिक्षणे. लिहायचे म्हणजे मुले झोपल्यावर. पण मुलांच्या आधी मीच झोपून जायची. एक कथा मी चार वर्षे लिहीत होते. प्रत्येक वेळी हाती घेतली की आधीचे काय लिहिले तेच विसरलेले असे.

पाच वर्षांपूर्वी एका परिसंवादात निबंध वाचायला मला बोलावले होते. त्याच संध्याकाळी आमच्या ह्यांची जयंती समितीची बैठक निघाली. ते नेहमीप्रमाणे चप्पल घालून निघाले. मी फोन करून येत नसल्याचे कळवले. पलीकडून उत्तर आले, "हरकत नाही ताई, पुढच्या वेळी." कोणाचीच हरकत नव्हती. हेच मला जास्त लागले.

त्या महिन्यात मी भांडण केले नाही. स्वयंपाकघरात बाबासाहेबांच्या फोटोचे कॅलेंडर आहे. त्यावर रोज संध्याकाळी घराबाहेर कोण गेले त्याची खूण करत गेले. निळी त्यांची, लाल माझी. महिनाअखेर निळ्या खुणा सतरा होत्या, लाल दोन. त्यातली एक दवाखान्यात जाण्याची. कॅलेंडर त्यांच्यापुढे ठेवले तेव्हा पहिली प्रतिक्रिया रागाचीच होती. "मी काय सिनेमाला जातो का? समाजाचं काम करतो." मी म्हटले, "मग मी लिहितो ते कोणाचं काम आहे?" त्यानंतर दोन दिवस घरात कोणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच लाल पेन घेऊन मंगळवार आणि शुक्रवारवर खुणा केल्या. रात्री आठ ते साडेनऊ.

हे सांगताना मी आमच्या घराचा आदर्श उभा करत नाही. त्यातले निम्मे मंगळवार आजही बुडतात. कधी मुलाला ताप असतो, कधी पाहुणे, कधी अचानक बैठक. पहिले दोन महिने तर भात करपायचा आणि मी आतून ओरडून सांगत बसायची की गॅस बारीक करा. शेवटी लक्षात आले की करपू द्यायला शिकणे हाही त्या वेळेचाच भाग आहे. सासूबाईंना सुरुवातीला पटले नाही. "पुरुषाच्या हातात झारा देऊन ही वही घेऊन बसते" असे त्या शेजारी सांगत. मग मी एका शुक्रवारी त्यांनाच जवळ बसवले आणि त्यांच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड करून उतरवून घ्यायला लागले. आतापर्यंत एकेचाळीस मिळाल्या. आता शुक्रवारी आठ वाजले की त्याच विचारतात, "आज बसत नाही का?"

मुलांचेही तसेच. आधी दर पाच मिनिटांनी दार वाजायचे. नंतर थोरलीने विचारले, "तू बसली की मीही बसू का?" ती चित्र काढते, धाकटा कागद फाडतो आणि चिकटवतो. आई पगारासाठी काम करते आणि घरासाठी काम करते, याशिवाय तिचे स्वतःचे असे एक काम आहे, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. माझ्या मते हा संस्कार कोणत्याही शिबिरापेक्षा कमी नाही. आणि बाप भात लावतो हे पाहत मोठा झालेला मुलगा उद्या कोणाला "आमच्याकडे बंदी नाही" असे सांगून मोकळा होणार नाही.

त्या आठवड्याच्या तीन तासांत, त्यातलेही निम्मे बुडाल्यावर, काय झाले? चार वर्षे रखडलेली कथा सात महिन्यांत पूर्ण झाली. या सदराचे लेख होतात. मोठी कादंबरी झाली नाही, कदाचित होणारही नाही. पण वही माळ्यावर नाही, टेबलावर आहे.

चळवळीने काय करावे?

घरातला हिशेब घरात होईल, पण चळवळीनेही काही गोष्टी मनावर घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट कार्यक्रमांच्या वेळेची. पत्रिकेवर सहा वाजता लिहायचे, साडेआठला सुरू करायचे, साडेनऊपर्यंत हारतुरे आणि प्रास्ताविक, मग पाच प्रमुख पाहुण्यांची भाषणे, आणि कवयित्रीला रात्री अकराला बोलवायचे. तोवर तिचे मूल मांडीवर झोपलेले, शेवटची बस गेलेली आणि मांडव अर्धा रिकामा. नंतर आपणच म्हणायचे की महिला पुढे येत नाहीत. कार्यक्रम वेळेवर सुरू करणे ही शिस्तीची बाब आहेच, पण लेकुरवाळ्या बाईसाठी तो तिचा बोलण्याचा अधिकार आहे.

दुसरी गोष्ट विहारांची. आपल्या बहुतेक वस्त्यांत विहार आहे. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर दोन तास तिथल्या मुलांची जबाबदारी बापांनी पाळीपाळीने घ्यावी. एक चित्र काढवून घेईल, एक गोष्ट सांगेल, एक मैदानावर नेईल. तेवढा वेळ ज्या आयांना लिहायचे, गायचे, तालीम करायची, नुसते वाचत बसायचे, त्यांनी विहाराच्या खोलीत बसावे. याला निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. चार बापांची नावे लिहिलेला एक कागद भिंतीवर लावला की झाले.

तिसरी गोष्ट वर्गणीची. जयंतीच्या डीजेवर आपण किती उधळतो हे सर्वांना माहीत आहे. त्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून दरवर्षी वस्तीतल्या एका आईचे किंवा एका बापाचे पुस्तक, नाही तर निदान गाण्यांची एक पुस्तिका छापावी. ज्याचे छापले जाणार आहे त्याला घरही वेळ द्यायला लागते, हा अनुभव आहे.

चौथी गोष्ट ऐकण्याची. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघरी जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांना बोलते केले. त्यातून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. त्या दोघी गेल्या नसत्या तर तो इतिहास त्या बायांबरोबरच संपला असता. पुढे २००३ मध्ये उर्मिलाताईंचे 'आयदान' आले. बांबूच्या वस्तू विणून विकणाऱ्या आपल्या आईच्या विणकामाशी त्यांनी स्वतःच्या लिखाणाचे नाते जोडले. आई विणत होती, लेक लिहिते. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. ज्यांना लिहायला बसणे शक्य नाही त्या आजीचे, मावशीचे गाणे निदान नातवंडांनी टिपून ठेवावे. हेही निर्मितीचेच काम आहे आणि ते पोरांना सोबत घेऊन होते.

आणि आया-बहिणींना एक सांगणे. मोठा वेळ मिळेल, मुले मोठी होतील, घर होईल, मग बसू, असे म्हणत थांबू नका. शांताबाईंना निवृत्तीनंतर जमले, सगळ्यांना तेवढे आयुष्य मिळतेच असे नाही. ओळ आली की हात ओले असले तरी फोनमध्ये बोलून ठेवा. किराणाच्या यादीमागे लिहा. पण चोरून लिहू नका. बेबीताईंना चोरून लिहावे लागले कारण त्यांचा नाइलाज होता. तुम्ही घरात सगळ्यांसमोर वेळ मागा, दिवस आणि तास ठरवून मागा. "जमेल तेव्हा" असा वेळ कधीच जमत नाही.

भावांनो, "बंदी नाही" हे वाक्य आता पुरे झाले. बंदी उठवण्याचे काम बाबासाहेबांनी करून ठेवले आहे, त्याचे श्रेय आपण घेण्याचे कारण नाही. आपले काम त्यापुढचे आहे. आज संध्याकाळी घरी गेल्यावर स्टूल घ्या, माळ्यावर हात घाला, ती बांधलेली वह्यांची पुडी खाली काढा, धूळ झटका आणि तिच्या हातात द्या. मग स्वतः स्वयंपाकघरात जा आणि पोरांनाही सोबत घेऊन जा.

जयभीम!